सगुणाबाई तांबट यांची नोंद

आमच्या गावातले दिवे कै. नरहर तांबट यांच्याविषयी सांगितलेल्या गोष्टींवर लागतात. प्रत्येक घरात मीटरशेजारी एक पितळी कर्णा असतो. दिवेलागणीला घरातल्या कोणीतरी त्याला तोंड लावून तांबटांची एखादी दंतकथा सांगायची, की दिवे लागतात. बाहेरगावचे पाहुणे आधी हसतात. मग अंधारात बसायची पाळी आली की तेही एखादी रचून सांगतात.

गोष्ट जितकी मोठी तितका दाब चांगला मिळतो. तांबटांच्या मिशांच्या उजेडात पोथी वाचता यायची, या गोष्टीवर एक पंखा आणि एक ट्यूबलाइट चालते. आकाशातली वीज त्यांनी घागरीत धरून तीन दिवस माळ्यावर झाकून ठेवली होती, यावर पिठाची गिरणी चालते. कावळे तारेवर बसण्याआधी त्यांची परवानगी घ्यायचे, ही गोष्ट मात्र फार जुनी झाली. तिच्यावर आता मोबाइलसुद्धा धड चार्ज होत नाही. खरी गोष्ट सांगितली तर काहीच होत नाही. तांबट भांडी घडवायचे, त्यांना दमा होता, असलं काही सांगून पाहणारे अंधारातच बसतात.

मी नगरपालिकेच्या दंतकथा विभागात सव्वीस वर्षं नोंदणी कारकून होतो. दंतकथेच्या नोंदीला साक्षीदार लागत नाही. खऱ्या गोष्टीला दोन लागतात, आणि साक्षीदार वारला असेल तर त्याच्या वारसाचा जबाब चालतो. खरी गोष्ट नोंदली गेली, की तिच्या आड येणारी दंतकथा त्याच दिवशी कायमची बंद पडते. त्यामुळे असल्या नोंदीला सहसा कोणी येत नसे.

मथुराआत्या आल्या. त्या तांबटांची मुलगी, वय वर्षं एक्क्याऐंशी. आमच्या गल्लीतल्या म्हणून सगळे त्यांना आत्या म्हणत. अर्ज त्यांनी घरूनच लिहून आणला होता.

“श्रीपाद, वाच बाबा एकदा. काना-मात्रा चुकला असेल तर सांग.”

मी वाचला. विषय होता, ‘आमची आई कै. सगुणाबाई हिच्याबद्दल’. गावात पहिला दिवा लागला त्या दिवशी तांबटांनी सगळी वीज अंगावर घेतली आणि ते खदाखदा हसले, ही आमच्याकडची सर्वांत मोठी दंतकथा. पाण्याच्या टाकीचा पंप आणि सरकारी दवाखाना हिच्यावरच चालतात. अर्जात लिहिलं होतं, की वीज त्यांनी अंगावर घेतली नव्हती. तारेची गुंडाळी सगळी सगुणाबाईंनी केली होती, कारण तांबटांचे हात ठोकून ठोकून जाड झाले होते आणि बारीक तार त्यांना धरवत नसे. मुहूर्त चार वाजून बारा मिनिटांचा होता. लग्नासारखंच गुरुजींनी ‘सावधान’ म्हटलं की खटका दाबायचा, असं ठरलं होतं. गुरुजींनी ‘सावधान’ म्हटलं तेव्हा सगुणाबाई शिडीवर होत्या, शेवटचा सांधा आवळत होत्या. मुहूर्त टळू नये म्हणून खटका दाबला गेला.

“बाबा हसले नव्हते रे,” आत्या म्हणाल्या. “त्यांचं तोंड उघडं होतं. लोक लांब उभे होते, त्यांना हसल्यासारखं वाटलं. त्यानंतर बाबांनी तारेला हात लावला नाही. मरेपर्यंत पळ्या ठोकत बसले.”

“आत्या, साक्षीदार दोन लागतात.”

“एक मी. सात वर्षांची होते, शिडी धरून उभी होते.”

“आणि दुसरा?”

“खटका ज्यांनी दाबला ते. तुझे वडील.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “ते गेले, ठाऊक आहे मला. पण वारसाचा चालतो ना? ते तुला कधी काही बोलले होते का?”

बोलले होते. मी कॉलेजात असताना एकदा दाढी करता करता बोलले होते. मीच दाबला, म्हणाले, शिडी मला दिसत होती, पण सावधान म्हटलं होतं ना. मग गालाला राहिलेला साबण तसाच ठेवून ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले होते.

मला पंप आठवला. दवाखाना आठवला. पण खरं सांगायचं तर पंप आणि दवाखाना मला नंतर आठवले. आधी वडील आठवले.

“नाही आत्या,” मी म्हणालो. “ते कधी काही बोलले नाहीत.”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

“बरं. मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “अर्ज परत देतोस, की तुमच्याकडेच ठेवायचा असतो?”

नियमाप्रमाणे अपुरा अर्ज परत द्यायचा असतो. मी दिला. त्यांनी त्याची नीट चौकोनी घडी केली, कनवटीला लावली आणि कठडा धरत पायऱ्या उतरल्या.

मार्गशीर्षात त्या गेल्या. तेराव्याच्या आतच गल्लीतल्या लोकांनी नवी दंतकथा नोंदवायला आणली, की तांबटांच्या पोटी मथुराआत्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या मुठीत दिवा लागलेला होता. साक्षीदार लागत नव्हते. नोंद मीच केली, माझ्याच अक्षरात. तिच्यावर सध्या शाळेजवळचे सहा खांब चालतात.

मी आता निवृत्त झालो आहे. ती नोंद मी करायला हवी होती. टाकीवर बैलाची मोट लावता आली असती, दवाखान्यात गॅसबत्त्या आल्या असत्या, गावाने काही ना काही केलंच असतं. पण आता माझ्याखेरीज दुसरा साक्षीदार उरलेला नाही, आणि आत्यांच्या मागे वारसही नाही.

संध्याकाळी कर्ण्याशी मी बसतो. सगुणाबाईंनी गुंडाळी केली, त्या शिडीवर होत्या, माझ्या वडिलांनी खटका दाबला, असं सावकाश, एकही शब्द न गाळता सांगतो. मग वर बल्बकडे पाहतो.

“अहो, आज सांगितलं नाही वाटतं?” स्वयंपाकघरातून आमची शैला विचारते.

“सांगितलं.”

ती बाहेर येते. काच पुसून कंदील लावते आणि आमच्या दोघांच्या मध्ये आणून ठेवते.