कावळा डेबियनला शिवेना

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातली कोणती सिस्टीम टाकायची, डेबियन की फ्रीबीएसडी, एवढाच प्रश्न होता. मी डेबियन टाकलं आणि नांदेडला माझा मेव्हणा उमाशंकर पेटला. त्याचं सगळं फ्रीबीएसडीवर. दर रविवारी लातूरला फोन. "दाजी, एकदा टाकून तर बघा." मी म्हणायचो, बघू. पण कॉम्प्युटरचं काही अडलं की मीही त्यालाच फोन लावायचो. करायचं काय, तर त्यानं दुकानाची बिलं आणि मी पत्त्यांचा डाव. (फुकटच्या वस्तूवरून इतकं भांडण आमच्या लातुरात तरी दुसऱ्या कुणी केलेलं नाही.)

मग उमाशंकरच गेला. दुकानात बसल्या बसल्या. माझ्याहून धाकटा होता.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या लिंबावर कावळे, पण एक खाली येईना. माझे सासरे हणमंतरावांनी हात जोडून लेकाला सांगितलं, तुझ्या पोरीचं शिक्षण थांबणार नाही. कावळे ढिम्म. कुणी दुकान चालू ठेवायचा शब्द दिला, कुणी बंद करायचा. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तशी उमाशंकरची बायको मंजुश्री रडायला लागली. "दर्भाचा नको. ह्यांचं कायतरी राहून गेलंय."

माझ्या बायकोनं, वर्षाराणीनं, माझ्याकडं पाहिलं. तिच्या दादाचं काय राहिलंय, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

मी पुढं झालो आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, तुझंच खरं होतं बाबा. एका कावळ्यानं मान तिरकी केली. (मी थापाड्या आहे हे पार अहमदपूरपर्यंत माहीत आहे. नांदेडच्या कावळ्यांनाही असावं.) म्हणालो, अर्ध्या डिस्कवर तुझं, अर्ध्यावर माझं. त्यानं पाठ फिरवली.

"नीट सांगा की ओ त्याला," वर्षाराणी म्हणाली.

मग मी मोठ्यानं सांगितलं. "उमाशंकर, डेबियन पुसतो. सगळं पुसतो. फ्रीबीएसडी टाकतो. आता जेव बाबा."

गुरुजींनी मंत्र थांबवून हे कोणतं दान म्हणून विचारलं, तेवढ्यात कावळा पिंडावर. मंजुश्रीनं डोळ्यांना पदर लावला. मला मात्र त्या कावळ्याचा रागच आला. इतक्या वर्षांचं आमचं भांडण, आणि त्यानं एका घासात संपवून टाकलं.

तेरावा उरकून लातूरला आल्या आल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. वर्षाराणी शेजारी, पहाऱ्याला. डेबियन पुसलं. (काळजावर दगड ठेवून.) फ्रीबीएसडी आलं, पण नेट लागेना. खटपट करून थकलो आणि सवयीनं नांदेडला फोन लावला. रिंग गेल्यावर कळलं, आपण कुणाला लावलाय. ठेवणार तोच मंजुश्रीनं उचलला.

"नेट लागंना," म्हणालो.

नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "दाजी, मागं वायर लावली का? हे तुमाला पहिल्यांदा तेच इचारायचे."

लावली नव्हती.