बाकी शिवणवालीला विचारणे

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण डुलकी लागू देऊ नका. आजची गोष्ट कानांची आहे, आणि ती अर्धीच ऐकून उठलात तर तुमचाही नंबरे होईल.

नंबरे हे एका कारखान्यातले स्टोअरकीपर. पान्यापासून पक्कडीपर्यंत प्रत्येक वस्तूवर विजेच्या छोट्या मशीनने नंबर कोरायचा आणि संध्याकाळी नंबर मोजूनच कुलूप लावायचं, ही त्यांची तीस वर्षांची तपश्चर्या. म्हणून सगळे त्यांना नंबरे म्हणत. नवे कामगार तर ते आडनावच समजत. घरीही चमचे, छत्री, पंख्याची तिन्ही पाती, सगळं नंबरात होतं. बायको तेवढी सुटली होती.

तिला ऐकू फार कमी येई. डॉक्टरांनी कानाचं यंत्र सांगितलं होतं, पण त्याची किंमत ऐकून नंबऱ्यांनाच ऐकू येईनासं झालं. परगावची लेक फोनवर भडाभडा बोले, आई नुसती "बरं, बरं" म्हणे आणि फोन ठेवला की नवऱ्याला विचारी, "काय म्हणाली हो ती?" हे मात्र नंबऱ्यांना बघवत नसे.

अशात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या आत्याबाई वारल्या आणि त्यांचा पत्र्याचा डबा भाच्याकडे आला. आत मऊ फडक्यात जुनी चांदीची नाणी, आणि एक चिठ्ठी: 'नाणी दहा. भाचेसुनेच्या कानांसाठी. बाकी शिवणवालीला विचारणे.'

नंबऱ्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी नाणी मोजली. नऊ. दुसऱ्या बाजूने मोजली. तरी नऊ.

शिवणवाली म्हणजे आत्याबाईंच्या शेजारच्या काकू. कपडे शिवून पोट भरत, आणि शेवटची दोन वर्षं आत्याबाईंचं सगळं त्यांनीच केलं होतं. नंबऱ्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. 'बाकी'! स्टोअरच्या भाषेत बाकी म्हणजे आलेल्या मालात जे कमी भरलं ते.

"म्हातारीला सगळं कळलं होतं," ते पुटपुटले. "एक बाकी आहे आणि ती कुणाकडे, तेही लिहून ठेवलंय. पण विचारायचं नाही. विचारलं की सावध होईल."

"काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

"एक कमी आहे," ते तिच्या कानाशी म्हणाले.

"एक मामी आहे? कुठली मामी?"

"अगं, नाणी! चांदीची नाणी!"

"चांदीची नाणी? आपल्याकडे?"

हे तिने अशा आवाजात विचारलं की रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने हातातली पुडी तशीच धरून वर पाहिलं. नंबऱ्यांनी खिडकी लावली. दहा मिनिटांत दार वाजलं. भोकातून पाहतात तर काकू! गळ्यात माप घ्यायची टेप, चेहऱ्यावर काळजी. काळजी बघून नंबऱ्यांना पक्की खात्री पटली.

"दादा, डबा मिळाला ना? त्या नाण्यांना हात..."

पुढचं कानावर पडू नये म्हणून नंबऱ्यांनी धावत जाऊन नळ पूर्ण सोडला. "बघितलंस? पहिल्याच वाक्यात हात!"

"कुणाला झाला वात?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काकू. या वेळी नंबऱ्यांनी रेडिओ मोठा केला. तिसऱ्या दिवशी त्या दाराला तोंड लावूनच ओरडल्या, "दादा, एवढंच ऐका! नाण्यांवर खूण..." पुढचं पुन्हा नळाखाली वाहून गेलं. पण तेवढा एक शब्द आत शिरला, आणि नंबऱ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खूण! अरे, तीस वर्षं दुसरं केलं काय आपण? किंमत करायला नाणी पारख्याकडे न्यायची, तर तोही चोरच निघाला आणि त्याने नाणी बदलली तर?

त्यांनी रजिस्टरात सही करून कारखान्यातलं मशीन घरी आणलं. प्रत्येक नाण्यावर मुकुट घातलेला एक राजा होता आणि त्याच्या गालावर जागा मोकळी होती. एक छेद नऊ, दोन छेद नऊ... एकेक राजा मुकाट्याने नंबरात आला. अक्षर मोत्यासारखं. स्वतःच्याच हातावर खूश होऊन त्यांनी नाणी फडक्यात बांधली आणि बायकोला घेऊन ते जुन्या नाण्यांच्या पारख्याकडे निघाले.

दुकानात शिरतात तो समोर काकू! आणि काकूंच्या पुढ्यात, काचेवर, दहावं नाणं!

"सापडली!" नंबरे गरजले. "विकायला आणलंत ना?"

"ओरडू नका हो, बसा," म्हातारा पारखी म्हणाला. "विकायला नाही, माझ्याकडून सूचना लिहून घ्यायला आल्यात."

"मग काय करू?" काकू कडाडल्या. "तीनदा दार वाजवलं. दोनदा नळ, एकदा रेडिओ! म्हटलं, माणसावर नाही तर कागदावर तरी विश्वास बसेल यांचा."

"दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंनीच यांना हे एक नाणं घेऊन पाठवलं होतं," पारखी म्हणाला. "तेव्हाच मी बजावलं होतं, घासू नका, पुसू नका, खूण पडू देऊ नका. फार दुर्मीळ आहेत. अशा एका नाण्यात एका कानाचं यंत्र येईल."

नंबऱ्यांनी मनात हिशेब मांडला. दहा नाणी म्हणजे दहा कान. बायकोचे दोन वजा केले, तरी आठ कान शिल्लक! 'खूण पडू देऊ नका' हे त्या आठ कानांच्या आनंदात बुडून गेलं. त्यांनी ऐटीत फडकं सोडलं. "ही घ्या उरलेली नऊ. आणि बदलाबदली चालायची नाही. एकेकावर नंबर आहे!"

पारख्याने भिंग डोळ्याला लावलं. पहिलं नाणं पाहिलं. दुसरं पाहिलं. पाचव्याला त्याने भिंग खाली ठेवलं आणि पाणी मागितलं.

"हे कुणी केलं?"

"मीच! हात बघा कसा स्थिर आहे."

"आता ही नुसती चांदी झाली, साहेब. वजनावर जाईल."

"म्हणजे किती?"

"नऊ मिळून यंत्राचे सेल येतील. पाचेक वर्षं पुरतील."

बायको एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. "काय झालं? कमी भरली का?" नेहमी तिच्या कानाशी ओरडणाऱ्या नंबऱ्यांनी आज खिशातलं पेन हातात घेतलं. त्यांनी आत्याबाईंची चिठ्ठी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'मी बिघडवली,' आणि तिच्या हातात दिली. तिने वाचलं. मग चिठ्ठी उलटून आत्याबाईंचं अक्षरही वाचलं, आणि डोळे पुसत नवऱ्याच्याच पाठीवर हात ठेवला.

काकूंनी दहावं नाणं बोटाने तिच्याकडे सरकवलं. "हे तुमचंच आहे, वहिनी. आत्याबाईंनी मुद्दाम माझ्याकडे ठेवलं होतं."

"मुद्दाम?" नंबरे म्हणाले. "का?"

काकू गळ्यातली टेप गुंडाळत म्हणाल्या, "म्हणायच्या, भाचा माझा गुणी आहे, पण चमच्यांवरसुद्धा नंबर घालतो. एक तरी नाणं त्याच्या हाताबाहेर राहू दे."

एका कानाचं यंत्र आलं. पहिल्याच दिवशी लेकीचा फोन आला आणि आईने पाऊण तास सगळं ऐकलं. हसायच्या जागी हसली, रागवायच्या जागी रागावली. नंबरे शेजारी बसून गहिवरले. मग जेवताना सवयीने पुटपुटले, "सेल जुनेच दिले असणार त्या यंत्रवाल्याने. आणि ती काकू एवढी चांगली वागते, म्हणजे काहीतरी असणारच."

बायकोचा घास हातात राहिला. "हे बोलता होय तुम्ही? इतकी वर्षं मला वाटायचं, माझा नवरा मनातल्या मनात देवाचं नाव घेतो!"

दुसऱ्या दिवसापासून ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागली. यंत्राचा कान दाराकडे, आणि दुसरा नवऱ्याकडे.

तर मंडळी, आता घरी जा. कधी तुमचंही दार वाजेल आणि बाहेरच्या माणसाबद्दल मनात नको नको ते येईल. तेव्हा गळ्यात टेप घातलेल्या त्या काकूंची तेवढी आठवण ठेवा, आणि आधी नळ बंद करा.