गाडीची दुबार अनामत

साहेबांचा फोन नाश्त्याच्या टेबलावर दोनदा किणकिणला आणि त्यांनी उकडलेलं अंडं अर्धवट सोलून बशीत ठेवलं. पहिल्या मेसेजात म्हटलं होतं, की गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने तुमच्या कार्डखात्यातली अमुक इतकी रक्कम अनामत म्हणून रोखून धरली आहे. दुसऱ्या मेसेजातही तेच म्हटलं होतं. तीच कंपनी, तीच रक्कम, मध्ये अंतर चार मिनिटांचं.

"दुबार!" साहेब म्हणाले.

परदेशात येऊन तीन दिवस झाले होते, पण इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसत होता. साहेबांनी चौतीस वर्षं अभिलेख कार्यालयात काढली होती. कागद मूळ आहे की नक्कल, हे ते नुसतं बोट फिरवून सांगत. ऑफिसात त्यांना मागून सगळे 'मूळप्रत' म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत मात्र एकही दुबार नोंद त्यांच्या वाट्याला आली नव्हती. वाण्याची बिलं, विजेची बिलं, सोसायटीच्या पावत्या, सगळं तपासून झालं होतं, पण जो तो मेला बिनचूक.

"असेल काहीतरी," बाई म्हणाल्या आणि ब्रेडला लोणी लावू लागल्या. त्या ब्रेडला लोणी लावून झालेलं होतं.

"काहीतरी नव्हे. एक गाडी, एक अनामत. दोनदा कशी रोखतील?"

"पण परत मिळतात ना ते पैसे? गाडी परत दिली की?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

पेन निघालं तेव्हा बाईंनी लोण्याची सुरी खाली ठेवली. कारण नोंद दुबार नव्हतीच. गाड्या खरोखरच दोन होत्या आणि दुसरी बाईंची होती.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर निळ्या खडूने किनारपट्ट्या काढल्या. समुद्राला चिकटून, वळणं घेत जाणारा रस्ता त्या नेहमी पिवळ्या खडूने काढायच्या आणि काढताना मनातल्या मनात त्यावरून गाडी चालवायच्या. घरी पहिली गाडी आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मी पण शिकू का हो?" त्यावर साहेब अगदी प्रेमाने म्हणाले होते, "अगं, तू कशाला त्रास घेतेस? मी आहे ना!" पुढे दुसरी गाडी आली, तिसरी आली. दर वेळी साहेब होतेच. या प्रेमळ वाक्याशी भांडायचं तरी कसं, हे बाईंना कधी कळलं नाही.

शेवटी या वर्षी त्यांनी भांडण न करता मार्ग काढला. रोज सकाळी "फिरायला जाते" म्हणून त्या निघायच्या आणि कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत जाऊन बसायच्या. रोज दीड तास चालूनही बायकोचं वजन तसूभर हलत नाही म्हटल्यावर साहेबांनी वजनकाटा बिघडल्याचं जाहीर केलं आणि नवा आणला. नव्यावर वजन अर्धा किलो जास्त भरलं. मग बाईंना लायसन्स मिळालं, परदेशात चालवायचा परवानाही मिळाला. परदेश सहल ठरल्याबरोबर, तीन महिन्यांपूर्वी, भाचीच्या मदतीने त्यांनी एक छोटी गाडी स्वतःच्या नावावर ठरवून टाकली. तेव्हा समुद्राकडे टुरिस्ट बसने जायचं ठरलेलं होतं. साहेबांना थेट तिथे नेऊन किल्ली दाखवायची, असा बेत होता.

पण पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनी जाहीर केलं, "बस रद्द. मी गाडी ठरवलीये. ऐसपैस, मोठी. तू नुसती शेजारी बसून समुद्र बघ." कंपनीही नेमकी तीच निवडली. बाईंनी आपली गाडी रद्द करायला चार वेळा फोन हातात घेतला, पण बोट काही बटणावर टेकेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या विमानातही बसल्या. आणि आता दोघांच्या अनामती एकाच खात्यातून रोखल्या गेल्या होत्या, कारण बाईंचं कार्ड हे साहेबांच्याच खात्याचं पुरवणी कार्ड होतं. मेसेज सगळे साहेबांच्या फोनवर.

इतक्यात लॉजची मालकीण बिल घेऊन आली. अकराला खोली सोडायची होती. साहेबांनी ऐटीत कार्ड पुढे केलं. मशीनने थोडा विचार केला आणि नकार दिला. पुन्हा घातलं, पुन्हा नकार.

"दोन अनामतींनी मर्यादा संपली!" साहेबांचा आवाज चढला. "बघितलंस? म्हणे असेल काहीतरी!"

बाईंनी निमूटपणे आपलं कार्ड काढलं. "अगं, ते माझ्याच खात्याचं," साहेब म्हणाले. दोघांची रोख रक्कम टेबलावर मांडली तर बिलाच्या निम्मीही भरेना. मालकीण गोड हसली, आणि हसता हसता तिने त्यांच्या दोन्ही बॅगा काउंटरच्या आत सरकवून ठेवल्या.

आता मात्र प्रश्न तत्त्वाचा राहिला नाही. साहेबांनी आधी बँकेला फोन लावला. बँक म्हणाली, रक्कम कंपनीने रोखली आहे, कंपनीला विचारा. कंपनीला लावला तर कंपनी म्हणाली, रक्कम बँकेत आहे, बँकेला विचारा. साहेबांनी पुन्हा कंपनीला लावला. वीस मिनिटं तीच एक सनईसारखी धून ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. (हे संभाषण अर्थातच तिकडच्या भाषेत झालं. साहेबांनी त्या भाषेचं जे काय केलं, ते वगळून इथे दिलं आहे.)

"सर, तुमच्या आडनावावर आज दोन गाड्या दिसतायत."

"तेच तर म्हणतोय मी! गाडी एकच आहे. तुमच्या दप्तरात दोन झाल्यात."

"पण आद्याक्षरही तेच आहे, सर, आणि पत्ताही."

"असणारच! नक्कल आहे म्हटल्यावर सगळं तेच असणार. वेगळं असतं तर तिला नक्कल म्हटलं असतं का?"

नवराबायकोची आद्याक्षरं सारखी असू शकतात, हे मुलीला सुचलं नाही. साहेबांना सुचायला हवं होतं, कारण लग्नपत्रिका त्यांनी स्वतः तपासली होती. पण समोर दुबार नोंद असताना साहेबांना दुसरं काही दिसत नसे.

"अहो, राहू दे ना," बाई त्यांच्या बाहीला धरून म्हणाल्या. "भाचीला सांगू, ती पाठवेल पैसे. कशाला कुणाची गाडी रद्द करायची?"

"कुणाची म्हणजे? ती कुणाचीच नाही, ती चूक आहे!"

हे वाक्य बाईंना लागलं. त्या उठून खिडकीशी गेल्या. रस्त्यावरून एक बाई छोट्याशा निळ्या गाडीतून एका हाताने केस सावरत गेली. सहा महिने सकाळी पाचला उठून, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची बोलणी खाऊन, उलटी गाडी लावायला शिकलेल्या आपण, आणि हे पाच मिनिटांत फोनवर सगळं पुसून टाकणार. डोळे भरून आले. आता वळून सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं, आणि त्या वळणार तोच मागून मुलीचा प्रश्न ऐकू आला. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सर, दोन्हींपैकी रद्द कुठली करू?"

"काय प्रश्न आहे!" साहेब म्हणाले. "अहो, आधीची नोंद ती मूळ. नंतरची ती नक्कल. मूळ ठेवायची, नक्कल रद्द. जगभर हाच नियम आहे."

बाई खिडकीशी होत्या तशाच उभ्या राहिल्या. आपली गाडी तीन महिन्यांपूर्वीची. यांची पंधरा दिवसांपूर्वीची. एकतीस वर्षं मुलांना वेळेचा फरक शिकवलेल्या बाईंना एवढं गणित सोडवायला वेळ लागला नाही.

"सर, हे आम्हाला मेलवर लेखी द्याल का?"

"अहो, द्या ना लेखी," बाई टेबलाशी येत म्हणाल्या. "तोंडी कशाला ठेवता?"

साहेबांनी चमकून पाहिलं. "आत्ता तर म्हणत होतीस राहू दे."

"तुमचं पटलं मला. मूळ ते मूळ. आणि तारीख घाला हं. आधी ठरवलेली कायम, नंतर ठरवलेली रद्द, असं स्पष्ट लिहा. हे लोक घोळ घालतात."

साहेब सद्गदित झाले. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांच्या मसुद्यात पहिल्यांदाच रस घेतला होता. त्यांनी तीन मुद्द्यांचं पत्र लिहिलं, दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम हलवला आणि पाठवलं. पाऊण तासाने फोन किणकिणला. एक अनामत मोकळी झाली होती. मालकिणीच्या मशीनने या वेळी कुरकुर केली नाही आणि बॅगाही काउंटरमधून बाहेर आल्या.

"याला म्हणतात पाठपुरावा," साहेब म्हणाले. गाड्यांच्या आवारापर्यंतच्या टॅक्सीत त्यांनी हे आणखी सहा वेळा म्हटलं.

बाई मात्र पर्समधला परवाना चाचपून बघत होत्या. आवार जवळ येऊ लागलं तशी त्यांची मघाची हुशारी ओसरायला लागली. हे चिडतील का? चिडले तर परवडेल, पण दुखावले तर? 'मी तुझ्या गाडीत बसणार नाही' म्हणाले तर? एकटीने समुद्र बघायला का त्या शिकल्या होत्या?

"अहो, मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या.

"नंतर सांग. आधी गाडी ताब्यात घेऊ."

काउंटरवरच्या तरुणाने कागद पाहिले आणि छोटीशी किल्ली उचलून बाईंसमोर ठेवली. "या बाई, तुमची गाडी तयार आहे."

"किल्ली इकडे," साहेब म्हणाले.

"गाडी या बाईंच्या नावावर आहे, सर. दुसरी एक मोठी होती, ती ग्राहकाच्या लेखी सूचनेवरून रद्द केली." त्याने संगणकाचा पडदा वळवून साहेबांचं पत्र दाखवलं.

साहेबांनी चष्मा लावून आपलंच पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. चूक सापडेना. मसुदा निर्दोष होता. मग त्यांनी वरच्या नोंदीची तारीख पाहिली. नाव पाहिलं. पुन्हा तारीख पाहिली. बाईंनी पर्समधून परवाना काढून त्यांच्यासमोर धरला, शाळेतल्या मुलीने प्रगतिपुस्तक धरावं तसा.

"हे कधी केलंस?"

"सकाळी फिरायला जायचे ना…"

साहेबांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली, आणि शेवटी एका जागी येऊन थांबली.

"म्हणजे वजनकाटा…"

"जुना चांगला होता हो," बाई खालमानेने म्हणाल्या.

"मी त्या दुकानदाराला काय काय बोललो!"

गाडी छोटी, निळसर आणि नुकतीच धुतलेली होती. साहेबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, ओरखडे मोजले आणि सवयीने स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बाई किल्ली मुठीत घट्ट धरून थोड्या दूर थांबल्या होत्या.

"तुम्हाला नसेल बसायचं तर…" त्यांना पुढे बोलवेना.

साहेबांनी ते दार उघडलं. उघडून धरलं. "बस," ते म्हणाले, "आणि आरसा आधी नीट कर. कुणीतरी उंच माणूस बसून गेलेला दिसतोय."

बाई बसल्या. आरसा नीट करायला दोन मिनिटं लागली, कारण डोळ्यांत पाणी आल्यावर आरशात काही दिसत नाही. साहेब पलीकडून येऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला, तो लागल्याची खात्री केली आणि पुन्हा एकदा खात्री केली.

काउंटरवरचा तरुण कागद घेऊन धावत आला. "एक राहिलं. आणखी कुणी चालवणार असेल तर नाव घालावं लागतं. घालू का?"

"द्या इकडे," साहेब म्हणाले. त्यांनी पेन काढलं. वर 'मुख्य चालक' समोर बाईंचं नाव आधीच छापलेलं होतं. खाली 'दुय्यम चालक' असं लिहिलेल्या रकान्यात त्यांनी आपलं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली.

"अहो, सगळा रस्ता मीच चालवणार आहे," बाई म्हणाल्या.

"चालव की. पण नोंद असावी."

गाडी आवारातून बाहेर पडली. पहिल्या चौकात साहेबांनी आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबला. दुसऱ्या चौकात दोन्ही पायांनी दाबला आणि दारावरची मूठ पकडली.

बाईंनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "भीती वाटतेय?"

"छे! बोटं मोकळी करतोय."

"घाबरू नका. मी आहे ना."

साहेबांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य आपण छत्तीस वर्षं म्हणत होतो, ते ऐकायला असं वाटतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हळूच मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

शहर संपलं. एका वळणानंतर उजव्या हाताला समुद्र आला, अगदी फळ्यावरचा, निळ्या खडूने काढलेला. त्याच वेळी साहेबांच्या खिशात फोन किणकिणला. त्यांनी काढून बघितला. त्याच कंपनीने तीच रक्कम पुन्हा रोखून धरली होती. कारण दिलं होतं, 'दुय्यम चालक'.

साहेबांचा अंगठा आपोआप नंबरांकडे गेला.

"काय आलं हो?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले आणि फोन बंद करून खिशात ठेवला. "तू समोर बघ. समुद्र मी बघतो, आणि तुला सांगतो."