चाळणीखालचे पांडव

मल्हारने मशीनचं झाकण काढून त्याजागी आईची पिठाची चाळणी बसवली, तिथंच पुढच्या महाभारताला सुरुवात झाली. पण त्या वेळी तो स्वतःवर बेहद्द खूश होता. धाराशिवच्या भंगारवाल्याकडून आणलेले दोन मोडके कॉम्प्युटर एकमेकांत घालून त्याने एक धड चालणारा तयार केला होता, आणि तो तापू नये म्हणून वरून हवा जायला जागा हवी होती. नवी जाळी विकत घेण्यापेक्षा घरातली चाळणी स्वस्त पडली. ज्वारीच्या पोत्यांशेजारी, आतल्या खोलीत, तो आडवा डबा घूं घूं करत पडून असे. मल्हार त्याला सर्व्हर म्हणायचा. घरातले बाकीचे त्याला डबाच म्हणत.

"ह्या एका डब्यात पाच मशीन हायेत?" हरणाबाईंनी पहिल्या दिवशी वाकून पाहिलं होतं. "मला तर येकबी दिसंना."

"दिसत न्हाईत आई, पण हायेत. एकच मशीन पाच जणांचं सोंग घेतंय. पाचीजण आपापलं काम वेगळं करत्यात."

"मग पांडव म्हण की. येळवशीच्या सणाला रानात पाच दगडं मांडतो, तवा तरी कुठं पांडव दिसत्यात?"

मल्हार दिवसभर धाराशिवच्या एका सेवा केंद्रात लोकांचे दाखले काढून, उभ्याने एसटीने आपल्या गावी, तेरला परतलेला होता. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने त्या पाच यंत्रांना खरोखरच धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव अशी नावं देऊन टाकली. सगळ्यात जड काम भीमाकडे दिलं.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. पुण्यातली एक कंपनी घरून काम करणारा माणूस शोधत होती, आणि असली यंत्रणा स्वतः उभारून चालवून दाखवणाऱ्याला ते घेणार होते. काम मिळालं तर तेरमध्येच राहता येणार होतं. नाही मिळालं तर पुन्हा पुण्याची ती चौघांतली खोली, तो मेसचा जेवणाचा डबा, आणि सणापुरतं घर. बायको मंजुषा इथल्याच शाळेत शिकवत होती. तिने बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याची बॅग तिने माळ्यावर टाकली होती आणि ती परत खाली काढायची तिची तयारी नव्हती.

थंडी वाढली तसं एक नवल घडलं. आजवर मुलगा काय करतो हे कधी न विचारणाऱ्या हरणाबाई रोज सकाळी, तो निघताना दारात येऊन विचारू लागल्या.

"मल्हारी, डब्याला कामाला लावलंस का रं?"

"लावलंय की."

"चांगलं दांडगं काम दे. रिकामं बसवू नगंस."

मल्हारला अगदी भरून आलं. बसमध्ये त्याने मंजुषाला फोन करून सांगितलंसुद्धा, की आईला आता कळायला लागलंय. मंजुषा नुसतीच "हं" म्हणाली. तिला काहीतरी ठाऊक असावं, पण सासू आणि नवऱ्याच्या मधे न पडण्याचं तिचं धोरण पहिल्यापासूनचं होतं.

त्याच आठवड्यात मशीनला ताप येऊ लागला. मल्हार केंद्रावर पोहोचला, की थोड्या वेळाने फोनवर इशारा यायचा: मशीन तापलंय. तो घरी फोन लावायचा.

"आई, डब्याला काय झालंय का?"

"काय न्हाय रं. झ्याक चाललंय."

संध्याकाळी घरी येऊन बघावं तर मशीन थंडगार, चाळणी स्वच्छ पुसलेली. त्याने पंखा बदलला. आतली धूळ झाडली. मग दुसरा पंखा बसवला, तर वरून आणखी जोरात गरम हवा येऊ लागली, आणि हरणाबाईंनी "आता कसं ब्येस झालं" असा शेरा मारला. भंगारवाल्याने फसवलं असं मल्हारने ठरवून टाकलं आणि त्या बिचाऱ्याला पोटभर शिव्या घातल्या.

मुलाखत येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी सकाळी ठरली. येळवशीला सगळा गाव रानात जातो. त्या दिवशीची तारीख मागण्यात अर्थ नव्हता. मल्हार पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पडद्यावर कंपनीच्या शिवरंजनी मॅडम होत्या. चेहरा शांत, आवाजही शांत.

"एक यंत्र मोडलं तर बाकीच्यांचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही होत नाही मॅडम. प्रत्येक जण वेगळा."

"मोडून दाखवा."

मल्हारने नकुलाला मोडलं. बाकीचे चौघे जागचे हलले नाहीत. मग काल काढून ठेवलेल्या प्रतीवरून त्याने नकुलाला पुन्हा उभा केला. मॅडमनी पहिल्यांदाच मान हलवली. मंजुषा दाराआडून ऐकत होती, तिनेही हलवली.

आणि आतल्या खोलीतून 'फट्' असा आवाज आला. पाचही पांडव एकदम दिसेनासे झाले.

मल्हार लॅपटॉप हातात घेऊनच आत धावला. चाळणीवर मातीची भली थोरली बिंदगी बसलेली होती. तिच्या तोंडातून पांढरा फेस उतू जाऊन चाळणीतून थेट खाली गळत होता. खोलीभर आंबूस वास सुटला होता. हरणाबाई पदराने बिंदगी पुसत होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बघ, कशी फसफसून आली! चुलीपाशी ठिवली तर थंडीत दोन-दोन दिस हालत न्हाय."

"आई, हे काय ठेवलंस मशीनवर?"

"उद्याच्या येळवशीची आंबील. पांडवांचा निवद पांडवांवरच ठिवला, त्यात काय बिघडलं? आणि चाळणी माजीच हाय."

"रोज ठेवतेस?"

"आज आंबील हाय. रोज इरजण असतंय. तू यायच्या आधी उचलती. तू चिडतूस."

रोज सकाळच्या त्या प्रेमळ चौकशीचा अर्थ मल्हारच्या डोक्यात आत्ता शिरला. तो ज्वारीच्या पोत्यावर बसला. त्याला ओरडायचं होतं, रडायचंही होतं, पण दोन्हीपैकी काहीच करायला अंगात जीव उरला नव्हता.

"मल्हार," हातातल्या लॅपटॉपमधून आवाज आला, "यंत्रणा बंद पडण्याचं कारण?"

"आंबील, मॅडम." खोटं सुचण्याइतकंही बळ त्याच्याकडे नव्हतं.

मग हरणाबाईच पुढे सरकल्या आणि लॅपटॉपसमोर वाकल्या.

"बाई, चूक माजी हाय. पोराला बोलू नगा. त्याचं मशीन लई गुणाचं. चुलीसारखं कमी-जास्त न्हाय, येकसारखं गरम ऱ्हातंय. लाईट गेली तरी बॅटरीवर चालतंय. माजं इरजण येक दिस बिघडलं न्हाय."

"एकही दिवस नाही?"

"तुळजाभवानीची आण."

मॅडमनी बाजूला काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "असं झालं की सगळे 'नेट गेलं' सांगतात. आंबील सांगणारे तुम्ही पहिलेच. सोमवारपासून या. म्हणजे घरातूनच या."

दाराआड मंजुषाने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मल्हार उठून उभा राहिला.

"फक्त एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "आमची यंत्रं आमच्याकडे आहेत, तुम्ही ती लॅपटॉपवरून चालवायची. तुमचं ते घरचं मशीन आमच्या कामात कधीही आणायचं नाही."

येळवशीला आंबील सगळ्यांनी वाखाणली. इतकी आंबट-गोड कुणाच्याच रानात झाली नव्हती, आणि ती कशी झाली हे हरणाबाईंनी बांधाबांधावर जाऊन सांगितलं. मशीन मल्हारने धुऊन-पुसून दोन दिवस उन्हात ठेवलं. पाचही पांडव सुखरूप निघाले. फक्त आता त्यांना जगात कुठलंच काम उरलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी कंपनीचं पहिल्या दिवसाचं काम उरकून मल्हार लॅपटॉप मिटतो न मिटतो, तोच हरणाबाई दारात आल्या. त्यांच्या मागे शेजारची शांताक्का होती. दोघींच्या हातात दुधाचं एकेक पातेलं होतं.

"मल्हारी, कामाला लावलंस का रं डब्याला?"

मल्हारने लॅपटॉप पुन्हा उघडला, भीमाला एक कधीही न संपणारा गुणाकार करायला बसवलं, आणि पंखा घुमायला लागल्यावर म्हणाला, "ठेवा. पण झाकण लावून ठेवा."