ठिपक्याची बाजू

"टिचबटणं? त्यात काय एवढं! एका दुपारचं काम!" नॉर्मनने मोटार क्लबच्या सभेत सगळ्यांसमोर हे जाहीर केलं, तेव्हाच कुणीतरी त्याचा हात धरायला हवा होता. पण इंग्लंडातल्या आमच्या श्रॉपशायरमध्ये एखादा माणूस विहिरीत उडी घ्यायला निघाला, तरी लोक आधी हवेबद्दल बोलतात. क्लबचा सेक्रेटरी लेस्ली म्हणाला, "यंदाचा नोव्हेंबर जरा ओलाच दिसतोय," आणि तेवढ्यात चहा आला.

गाडी नॉर्मनची आणि क्लाइव्हची, निम्मी निम्मी. जुन्या काळातल्या एका देखण्या स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल. (आमच्या क्लबात 'नक्कल' म्हणायचं नाही, 'प्रतिकृती' म्हणायचं!) अंग फायबरचं, इंजिन कुणाच्या तरी मावशीच्या मोटारीतलं. दोघांनी मिळून ती नॉर्मनच्या गॅरेजात बांधली. म्हणजे क्लाइव्हने बांधली आणि नॉर्मनने टॉर्च धरला. तोही बऱ्याचदा भलतीकडे.

गाडीला दोनच सीटा आणि वर छप्पर नाही. छप्पर 'पुढच्या उन्हाळ्यात' करायचं होतं आणि तो उन्हाळा कायम पुढचाच राहिला. त्याऐवजी गाडी उभी केली की सीटांवर ताणून बसवायचं जाड काळं कव्हर होतं. क्लाइव्हच्या बायकोने, ग्लेनिसने, ते शिवलं होतं. कव्हरच्या कडेने टिचबटणं होती, ती गाडीच्या अंगावरच्या खुंट्यांवर दाबून बसवायची. इतक्या वर्षांत बटणं गंजून गेली होती.

"ती बटणं बदल रे," क्लाइव्ह उन्हाळाभर दवाखान्याच्या खाटेवरून सांगत होता. नॉर्मन म्हणायचा, "बदलू. तू घरी ये, मग बदलू." क्लाइव्ह घरी येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तर बटणांबद्दल बोलायचे. शेवटच्या भेटीत क्लाइव्हने त्याची बाही धरली आणि म्हणाला, "एक लक्षात ठेव नॉर्मन, ठिपका..." एवढ्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली, मग त्याचा डोळा लागला, आणि राहिलं ते राहिलंच.

आता क्लाइव्हची राख टेकडीवर उधळायची होती. जिथे क्लबच्या गाड्या दरवर्षी चढाव चढायच्या, तिथे. आणि शेवटचा प्रवास आपल्याच गाडीतून, उघड्या आभाळाखाली, ही त्याची इच्छा. नॉर्मनने शब्द दिला होता. गंजक्या बटणांनिशी मित्राला न्यायचं? छे! नवी बटणं आणायची आणि ती स्वतः बसवायची! आयुष्यात एकट्याने केलेलं त्याचं हे पहिलंच काम.

बटणांवर खरोखरच एकेक बारीक ठिपका होता. पाकिटातला कागद त्याने बघितला नाही. कागद वाचायचे ते लेस्लीसारख्यांनी! गुडघे दुखत होते, त्यामुळे गाडीभोवती रांगण्याऐवजी तो सरळ सीटवर बसला, कव्हर मांडीवर ओढलं आणि आतूनच एकेक बटण ठोकत गेला. ठिपका कुठल्या बाजूला? अर्थात माणसाकडे! माणूस कुठे बसलाय? सीटवर! त्याने तिथेच बसून प्रत्येक बटण लावून पाहिलं, उघडून पाहिलं. लोण्यासारखी सुटत होती. "बघ क्लाइव्ह," तो रिकाम्या सीटला म्हणाला. मग त्याने पुन्हा एकदा सगळी बटणं लावली आणि उघडली.

ठरल्या दिवशी क्लाइव्ह शेजारच्या सीटवर होता. चॉकलेटी प्लॅस्टिकची बरणी, वरून पट्टा बांधलेली. जागा दोघांचीच, त्यामुळे ग्लेनिस तिच्या छोट्या गाडीतून मागून येत होती. क्लबची मंडळी परस्पर टेकडीवर जमायची होती. निम्म्या वाटेत पावसाची भुरभुर सुरू झाली, तशी दोघं एका पबपाशी थांबली. नॉर्मनने किल्ली खिशात टाकली, कव्हर ओढलं आणि बटणं दाबली. टक्, टक्, टक्! काय तो आवाज! ग्लेनिससुद्धा म्हणाली, "चांगली बसवलीस की."

ते कौतुक चहा संपेपर्यंत टिकलं.

पाऊस थांबल्यावर नॉर्मनने पहिलं बटण उचललं. सुटेना. दुसरंही सुटेना. त्याने नखं लावून पाहिलं, मग पबातून आणलेला चमचा लावला, मग काटा. काटा वाकला.

"अडकलंय का?" ग्लेनिसने विचारलं.

"नाही गं. नवीन आहेत ना, जरा घट्ट आहेत."

"घाम पुसतोयस."

"पाऊस आहे."

"पाऊस थांबलाय, नॉर्मन."

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण असा प्रकाश न पडलेलाच बरा. या जातीचं बटण तीन बाजूंनी पक्कं धरून ठेवतं. चौथ्या बाजूला ठिपका असतो, ती बाजू उचलली तरच सुटतं. ठिपका बाहेर, कापडाच्या कडेला हवा होता. त्याने सगळेच्या सगळे आत केले होते. ताणलेल्या कापडाला बाहेरून बोट घालायला जागा नाही. आतून ढकललं तरच काम होणार.

"आतून उघडतं," तो हळूच म्हणाला.

"आणि आत कोण आहे?"

दोघांनी कव्हरकडे पाहिलं. सीटवर छोटासा उंचवटा दिसत होता.

"जिवंत होता तेव्हा दाराची बेल वाजली तरी उठायचा नाही," ग्लेनिस म्हणाली. "आता उठेल होय?"

पबची मालकीण ब्रेंडा पावाची सुरी घेऊन आली. नॉर्मनने हात पुढे केला.

"त्या कापडाला सुरी लागली," ग्लेनिस म्हणाली, "तर आज त्याच्या शेजारी तुझी बरणी ठेवावी लागेल!"

तिने कव्हरवर हात ठेवला. "त्याच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी शिवलंय मी ते, दवाखान्याच्या बाकावर बसून. घरात मशीन होतं रे. पण नुसतं बसून करायचं काय?"

नॉर्मनने सुरी परत केली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक काम, एकच काम मित्रासाठी करायला गेला, आणि त्याला कोंडून ठेवलं!

मग त्याला डिकी आठवली. डिकी आणि सीट यांच्यामध्ये एक पातळ फळी होती, तीही 'पुढच्या उन्हाळ्यात' पक्की करायची राहिलेली. त्याने खिशातल्या किल्लीने डिकी उघडली, कोट काढला, डोकं आत घातलं आणि सरपटू लागला. पोटापर्यंत ठीक होतं, पुढे पोट होतं. ग्लेनिसने आणि ब्रेंडाने मागून रेटा दिला. फळी पडली आणि नॉर्मन दोन सीटांच्या मधल्या खाचेत तोंडावर आला. पाय बाहेर, पाऊस पुन्हा सुरू, आणि पबच्या खिडकीतली माणसं शिष्टाचार म्हणून छताकडे बघू लागलेली.

आत काळोख होता. कोरडं होतं, इंजिन ऑइलचा आणि जुन्या चामड्याचा वास होता, आणि गालाला बरणी टेकली होती.

"ठिपका बाहेर," नॉर्मन पुटपुटला. "हेच सांगत होतास ना? थोडं आधी सांगायचं होतंस रे."

अंत्यविधीला तो रडला नव्हता. सगळ्यांना सँडविचेस दिली होती. आता मात्र त्याला आवरेना. पाय हलू लागले.

"रडतोयस का?" बाहेरून ग्लेनिसचा आवाज आला.

"नाही. कव्हर गळतंय."

"मी शिवलेलं? त्यातून थेंब जायचा नाही."

पाऊस कव्हरवर पडत राहिला. मग ग्लेनिसने त्याच्या घोट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घे सावकाश. घाई नाही." शेवटी त्याने आतून ढकललं. टक्, टक्, टक्. बटणं लोण्यासारखी सुटली.

"क्लबात सांगणार नाहीस ना?" डिकीला पुन्हा कुलूप लावताना त्याने विचारलं.

"मरेपर्यंत नाही," ती म्हणाली. "त्याचीही खात्री देते, तोही बोलायचा नाही."

टेकडीवर सगळे पावसाने भिजलेल्या विजारींनिशी वाट बघत होते. उशीर का झाला, कुणी विचारलं नाही. नॉर्मनने बरणी दोन्ही हातांत धरली. किल्ली गाडीतच, स्टिअरिंगपाशी लावलेली राहिली, पण अशा वेळी किल्ली कुणाला आठवते? ग्लेनिसने त्यातली राख मुठीत घेतली आणि मूठ उघडली. वारा चांगला होता. राख उतारावरून खाली गेली, जिथे दोघांची गाडी दर वर्षी बंद पडायची त्या वळणापर्यंत. नॉर्मनच्या छातीवरचं ओझं उतरलं. दिलेला शब्द कसाबसा पाळला गेला होता.

मग धो धो सर आली. तो ग्लेनिसला हात देत गाड्यांकडे वळला, आणि बघतो तर लेस्ली त्याच्या गाडीवर वाकलेला. आपला भला लेस्ली, मदतीला नेहमी पुढे!

"सीटा भिजल्या असत्या रे," लेस्ली शेवटचं बटण दाबत म्हणाला. टक्! "काय झकास बसवलीस!"

ग्लेनिसने नॉर्मनकडे पाहिलं. नॉर्मनने कुलूप लागलेल्या डिकीकडे पाहिलं, मग आतल्या किल्लीवर ताणलेल्या कव्हरकडे. सीटवरचा उंचवटा आता नव्हता.

आतून उघडणारी बटणं, आणि या वेळी आत क्लाइव्हसुद्धा नव्हता.