आत काम चालू हाय

धोंडूअण्णा माणसाच्या तोंडाकडं आधी बघतच नाहीत. गुडघे, कोपरं, बोटं अशी तपासणी होते आणि मगच "काय, बरं हाय का?" कुठंच काही खरचटलेलं सापडलं नाही, तर जरा हिरमुसतातसुद्धा.

वेल्ह्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे आणि अण्णांचं घर त्याला अगदी लागून. त्यांची निम्मी हयात भातशेतीत गेली, उरलेली माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर चालली आहे. माझ्या बोटात सुई घुसली की मी आधी बोट लपवते. त्यांना दिसलं की व्याख्यान ठरलेलं.

"आगं शालन, कातडी फाटली म्हंजी खाचराचा बांध फुटला. आदी रगात गोठतंय आन पानी आडवतंय. मग येती सूज. लोकं सुजंला भितात! आगं, ती रगतातली मानसं आल्याली आसत्यात घान काढाया. गर्दी झाल्यावर सुजनारच की! मग कडंकडनं नवी कातडी सरकत येती. ह्ये समदं व्हईस्तवर वर झाकन पायजे, ती खपली. तिला हात लावायचा न्हाई. आत काम चालू हाय!"

हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांचा मंत्र. तोरण्यावरून गुडघे फोडून उतरलेली पुण्याची पोरं एसटीची वाट बघत बसली की अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन हजर. शेजारच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. दाढी करताना नवरदेवाचा गाल कापला होता. करवल्या हळद घेऊन आल्या, तर हे मधे आडवे. "येवढी जागा सोडून लावा. आत काम चालू हाय." सगळ्या फोटोंत नवरदेव पिवळाधमक आणि गालावर तेवढा एक चट्टा कोरा. नवरदेवाची आई अजून अण्णांशी बोलत नाही.

गेल्या भातकापणीला खुद्द अण्णांच्याच नडगीवर विळा बसला. त्यांची लेक रेखा पुण्यात नोकरी करते. बायको गेल्यापासून अण्णा एकटे, आणि रेखाचा फोन एरवी सणासुदीला. पण विळ्याचं कळल्यापासून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "अण्णा, पाय दाखवा." दाखवायचा पाय, पण अण्णा त्यासाठी धुतलेला सदरा घालून बसायचे.

जखम काही मिटेना. खपली धरायची आणि परत ओली व्हायची. डॉक्टरांनी साखर तपासली, तीही ठीक. बाजारात लोक म्हणायला लागले, दुसऱ्यांच्या जखमा इतक्या बघितल्या, भोगा आता.

एकदा मशीनवरून मान वर केली, तर अण्णा बाकड्यावर बसून नखानं स्वतःची खपली उचकटतायत!

"अण्णा! अहो, काय हे? आत काम चालू हाय ना?" मी अशी ओरडले की समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

त्यांनी घाईघाईनं धोतर खाली ओढलं. "शालन," ते हळूच म्हणाले, "बरं झालं की ती कशापायी फोन करंल गं?"

तोंडात आलेल्या सगळ्या शिव्या मी गिळल्या. लई वाईट वाटलं. त्यांनी मला कुणाला न सांगण्याची शपथ घातली आणि मी येड्यासारखी गप्प बसले.

पुढं पाय टरारून सुजला, पू झाला, ताप चढला. हे असंच चाललं तर पाय गमवाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हटलं, खड्ड्यात गेली ती शपथ! रेखाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती आली. मला वाटलं, आता बापाची चांगली हजेरी घेणार. तिनं डॉक्टरांकडून मलमपट्टी करून आणली, ओसरीवर बसली, अण्णांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक नख पार मुळापर्यंत कापलं.

आता पाय खडखडीत बरा आहे, नडगीवर फक्त एक गुलाबी रेघ. काल संध्याकाळी अण्णा सदरा बदलून बाकड्यावर येऊन बसले. आता कशाचा फोन येतोय, असं माझ्या मनात आलं आणि तेवढ्यात मोबाईल वाजला.

"अण्णा, पाय दाखवा."

अण्णांनी मोबाईल नडगीसमोर धरला. "वरनं आलीया मिळून," ते चाचरत म्हणाले. "पन आत काम चालू हाय."

"व्हय, दिसतंय की," रेखा म्हणाली. "उद्या परत बघते."