बावन्नचा गट आणि बाळंतिणीचे लाडू

वडूजच्या स्टँडसमोर समीक्षाचा फ्लेक्स लागला, त्या दिवसापासून माया भाजी आणायला लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. फ्लेक्सवर समीक्षा मुठी वळून उभी होती आणि खाली लिहिलं होतं, 'खटावची वाघीण, विभागीय विजेती, बावन्न किलो गट'. तो मायाच्याच जुन्या फ्लेक्सवर ताणून बसवला होता. वाघीण तीच, गटही तोच, फक्त बाई बदललेली. उजव्या कोपऱ्यात जुन्या फ्लेक्सची कड उरली होती आणि तिथून मायाचा एक कान बाहेर दिसत होता.

समीक्षा ही मायाची धाकटी नणंद. लाथा, बुक्क्या आणि डावपेच सगळं चालणारा एमएमएचा खेळ, ज्याला गावात पिंजऱ्यातली कुस्ती म्हणतात, तो तिला मायानेच शिकवला होता. माया बाळंतपणात अडकली आणि त्याच वर्षी पोरीने वहिनीच्या गटातलं विजेतेपद उचललं. घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. मायानेही एक खाल्ला, पण तो घशाखाली उतरायला तांब्याभर पाणी लागलं.

आता मायाचा मुलगा यशराज आठ महिन्यांचा झाला होता, तिचा सराव परत सुरू झाला होता आणि सांगलीची स्पर्धा महिन्यावर आली होती. एका तालमीतून एका गटात एकच नाव जाई. फौजेतून निवृत्त होऊन तालीम चालवणाऱ्या उदयसिंह सरांनी दोघींना समोर उभं केलं.

"एकीनं वर सरकायचं, सत्तावन्नला. माया, तू जा. बावन्नसाठी दर वेळेला सुकून सुकून तिसऱ्या फेरीत तुझ्यात जीव ऱ्हात न्हाई."

"चॅम्पियन ती हाय, सर. वर जायचं तर चॅम्पियननं जावं."

"मी का जाऊ? गट माझा हाय," समीक्षा म्हणाली.

"तुझा कवापासनं?"

सरांनी हात वर केला. "सांगलीत काट्यावर जी बावन्नात बसंल ती बावन्नला. दोघी बसलात तर आपसात खेळून ठरवा."

ही बातमी घरी पोचली तेव्हा सासूबाई, सुलाबाई, भाकरी थापत होत्या. "नणंद-भावजय पिंजऱ्यात जाऊन एकमेकीच्या उरावर बसणार, अन् लोक तिकीट काढून बघणार? घरात फुकट काय कमी दिसतं त्यास्नी?"

त्याच दिवशी मिरजेहून मायाच्या आईने पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा आला. लेक अंगावर पाजतेय तोवर ती बाळंतीणच, असा तिचा हिशोब. समीक्षाने झाकण उघडून वास घेतला, तशा सुलाबाई करवादल्या, "ठेव ते. बाळंतिणीचं लाडू पोरीबाळींनी खाऊ नयेत. अंग सुटतं."

समीक्षाने झाकण लावलं. माया यशराजला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. अंग सुटतं, हे दोन शब्द तिने नीट ऐकले.

दुसऱ्या दिवसापासून डबा खालच्या फळीवर आला. झाकण मुद्दाम सैल. मायाने स्वतः एकाही लाडवाला हात लावला नाही, पण रोज आंघोळीनंतर ती मोजून बघायची. दोन कमी. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. स्वतःच्या माहेरचा खाऊ दुसरी कुणीतरी संपवतेय, याचं एवढं समाधान जगात कुठल्या सुनेला झालं नसेल. डबा तळाला गेला तेव्हा तिने मिरजेला फोन लावला.

"आई, लाडू लय लागतात गं. अजून एक डबा पाठव."

"खातीस ना पोटभर?"

"संपतात बघ," माया म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

तिला एका वेळी दोन वजनांची काळजी होती. तिचं खाली यायला हवं होतं आणि यशराजचं वर जायला हवं होतं. पोरगं किडकिडीत. रात्री त्याचा श्वास चालू आहे का हे बघायला ती दोनदा उठायची, आणि एकदा त्याच्या बरगड्याही मोजल्या होत्या. दुधासाठी म्हणून सुलाबाईंनी तिला रोज संध्याकाळी हाळिवाची खीर लावली होती, आणि ती करायचं काम समीक्षाने आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

"तुमी बाळाचं बघा वैनी, खीर मी बघते."

मायाने पहिला घोट घेऊन संशयाने विचारलं, "गोड लागतीय. साखर घातलीस?"

"आईशप्पत, साखरंचा एक दाणा न्हाई."

"अन् दाताखाली काय येतंय?"

"खारीक. दुधाला चांगली."

माया विरघळली. पोरीच्या मनात पाप नाही, असं तिला वाटलं, आणि त्या पोरीला आपण लाडवांनी फुगवतोय याची किंचित लाजही वाटली. लाजेपोटी तिने वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.

मायाचा नवरा विश्वजित याचं बियाणं आणि पेंडीचं दुकान होतं. वजन करायचं ते त्याच दुकानातल्या काट्यावर. माया पहाटे पळत होती, भात सोडला होता, तरी काटा पंचावन्नावर. आठवड्याने छप्पन्न. तिने यशराजला घमेल्यात बसवून घमेलं काट्यावर ठेवलं. तोही चांगला सातशे ग्रॅमने जास्त.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"कशावरनं?" विश्वजितने विचारलं.

"ह्या पोराचं वजन कधी वाढलंय का? तेबी सातशे ग्रॅम? काटा जास्त दाखवतोय."

"हळू बोल. गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक म्हणजे बिराप्पा. त्याने खांद्यावरचं पेंडीचं पोतं हळूच खाली ठेवलं. "विश्वजित, वैनी खोटं कशाला बोलत्याल? ही पेंड दुसरीकडं मोजून आणतो गड्या."

संध्याकाळपर्यंत दुकानासमोर पोत्यांची रांग लागली. महिन्याभरापूर्वी नेलेली, निम्मी म्हशीच्या पोटात गेलेली पोतीसुद्धा लोक परत मोजायला घेऊन आले.

"तुझं वजन उतरंना म्हून माझा धंदा उतरव," विश्वजित घरी येऊन म्हणाला, आणि काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावून जेवायला बसला. तो माणूस येतो म्हणाला, पण चार दिवसांनी, नेमका स्पर्धेच्या दिवशी.

सांगलीला सगळे गेले, विश्वजित सोडून. वजनाच्या रांगेत समीक्षा पुढे होती. मायाने तिच्या पाठीकडे, कमरेकडे डोळे भरून पाहिलं. दोन डबे. छप्पन्नला कमी नाही.

"एकावन्न आठशे," काट्यावरचा माणूस म्हणाला.

मायाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती चढली.

"छप्पन्न सहाशे."

ती उतरली. जोडवी काढली. चढली. कानातलं काढलं. चढली. मंगळसूत्र सासूबाईंच्या हातात दिलं. चढली.

"छप्पन्न पाचशे. ताई, आता काढण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाई, खाली उतरा."

"काटा बिघडलाय," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे विश्वजित होता.

"काटेवाला येऊन गेला. काटा सोन्यासारखा बरोबर हाय. आता त्या पेंडीवाल्यांस्नी तूच सांग."

मायाने फोन ठेवला आणि नणंदेला भिंतीपाशी ओढलं. "लाडू कुठं गेलं?"

"खिरीत," समीक्षा म्हणाली. "कुस्करून. रोज दोन."

"साखर न्हाई म्हणालीस."

"साखर न्हवतीच. लाडवात गूळ असतोय."

"मला फसवलंस?"

"तुमचंच लाडू तुमालाच दिलं की वैनी. अन् झाकण कोण सैल ठेवत हुतं रोज? मला वाटलं, तुमालाबी मनातनं वरच जायचं हाय."

यावर मायाकडे उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर झाकणाचा खुलासा करावा लागला असता. सुलाबाई बाकावर यशराजला थोपटत दोघींकडे बघत होत्या. मायाने त्यांच्याकडून मंगळसूत्र परत घेतलं आणि तिचं नाव सत्तावन्नच्या कागदावर गेलं.

मायाच्या समोर मिरजेची उंच पोरगी आली. पहिल्या फेरीत तिने मायाला उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दुसऱ्या फेरीत तिने पुन्हा प्रयत्न केला आणि धापा टाकायला लागली. तिसऱ्या फेरीत, जिथे दर वर्षी मायाचे पाय लटपटायचे, तिथे तिला जाणवलं की पायात अजून बरंच काही शिल्लक आहे. बहुतेक पन्नासएक लाडू. तिने पोरीला खाली घेतलं, हात अडकवला, आणि पोरीने जमिनीवर थाप मारून हार मानली. पुढची, अंतिम लढतही तिने तशीच जिंकली.

बावन्नमध्ये लोणंदच्या एका शाळकरी पोरीने समीक्षाला गुणांवर हरवलं. विजेतेपदाचा पट्टा गेला. तिथंच उदयसिंह सर म्हणाले, "समीक्षा, पोटाला चिमटा काढून खेळायचं सोड. पुढच्या वर्षी सत्तावन्न."

"सत्तावन्न माझा हाय," माया म्हणाली.

"तुझा कवापासनं?" सर म्हणाले, पण हसत.

आठवड्याने स्टँडसमोर नवा फ्लेक्स लागला. माया आता रोज भाजी आणायला तिथूनच जायची, भाजी नको असली तरी. या वेळी कोपऱ्यातून समीक्षाची एक मूठ बाहेर दिसत होती.

मिरजेहून तिसरा डबा आला त्या दिवशी समीक्षा स्वयंपाकघरात दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने खालच्या फळीवर पाहिलं, मग वरच्या.

"वैनी, लाडू कुठं ठेवलं?"

मायाने यशराजला दुसऱ्या मांडीवर घेतलं. पोरगं आता जड लागत होतं. डबा तिच्या पाठीशी होता, झाकण घट्ट बसवलेलं, वर पाटा ठेवलेला.

"बाळंतिणीचं लाडू पोरीबाळींनी खाऊ नयेत," ती म्हणाली. "अंग सुटतं. व्हय ना, आत्या?"

सुलाबाईंनी भाकरी उलटली. "मला काय विचारतीस? मी आपलं एकदा म्हणून बघितलं, तर दोन डबं गेलं."